पासवर्ड बरोबर आहे तरी लिनक्स परत परत वायफायचा पासवर्ड विचारतंय? नक्की कुठे अडतंय ते आधी बघा

लक्षण सगळ्यांचं सारखंच असतं. लॅपटॉपवर उबुंटू नाहीतर मिंट आहे, वायफायचं नाव यादीत दिसतंय, पासवर्ड टाकला, ते चिन्ह थोडा वेळ गोल गोल फिरलं आणि परत तोच चौकोन समोर, पासवर्ड द्या. फोनला तोच पासवर्ड टाकला तर झटक्यात लागतो. मग माणूस म्हणतो लिनक्सच खराब आहे, फॉरमॅट मारूया. कृपा करून फॉरमॅट मारू नका. बहुतेक वेळा दोन सेटिंगचा प्रश्न असतो आणि फॉरमॅट मारून तोच ड्रायव्हर, तोच राउटर, तीच भिंत परत समोर येते.

आमच्या गुहागर ते मालवण पट्ट्यात हे आता जास्त दिसायला लागलंय कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि होमस्टेवाले, आंबावाले, शाळा, वाचनालयं यांच्याकडचे जुने लॅपटॉप ११ ला चालत नाहीत म्हणून लोकांनी त्यावर लिनक्स टाकलं. चांगलंच केलं. पण वायफाय लागलं नाही की सगळी मेहनत फुकट गेल्यासारखं वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. तो पासवर्ड विचारणारा चौकोन आला म्हणजे पासवर्ड चुकला असं नाही. ही एक गोष्ट डोक्यात बसली की अर्धं काम झालं.

डब्ल्यूपीए२ मध्ये (ही वायफायच्या सुरक्षेची पद्धत, डब्ल्यूपीए३ ही तिची नवी आवृत्ती) तुमचा पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. लॅपटॉप काय करतो, तर तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि वायफायचं नाव दोन्ही एकत्र घेऊन ४०९६ वेळा गणित घोळवून त्यातून एक मूळ किल्ली बनवतो, राउटर पण आपल्याकडे तेच करतो. (म्हणून नावातलं एक अक्षर कॅपिटल-स्मॉल बदललं तरी किल्ली वेगळी होते, लपवलेलं नेटवर्क हाताने भरताना हे लक्षात ठेवा.) मग दोघांमध्ये चार निरोप होतात, त्याला फोर-वे हँडशेक म्हणतात. पहिला निरोप राउटर पाठवतो, दुसरा लॅपटॉप पाठवतो आणि त्याच्यावर आपल्या किल्लीची सही करतो, राउटर ती सही तपासतो, जुळली तर तिसरा निरोप, मग लॅपटॉपचा चौथा, झालं. आता गंमत बघा, सही जुळली नाही तर राउटर काही बोलत नाही, दुसरा निरोप टाकून देतो आणि पहिलाच परत पाठवतो, थोड्या वेळाने कंटाळून कनेक्शन तोडतो. आणि सही बरोबर आहे पण सिग्नल कमी म्हणून तो दुसरा निरोप राउटरपर्यंत पोचलाच नाही, तरी लॅपटॉपला अगदी तेच दिसतं! पहिला निरोप परत परत, तिसरा येतच नाही. लॅपटॉपला दोन्हीतला फरक कळायला मार्गच नाही, म्हणून तो बिचारा अंदाज करतो की पासवर्ड चुकला असेल आणि तुम्हाला विचारतो. लॉगमधलं, म्हणजे लिनक्स स्वतः ठेवतं त्या नोंदवहीतलं, वाक्य पण तसंच आहे, प्री-शेअर्ड की "मे बी इनकरेक्ट", म्हणजे चुकीची असू शकेल, चुकीचीच आहे असं नाही.

त्यामुळे अंदाज करत बसायचं नाही, लॉग उघडायचा. दोन टर्मिनल उघडा. एकात

सुडो जर्नलसीटीएल -एफ -यू नेटवर्कमॅनेजर -यू डब्ल्यूपीए_सप्लिकंट

आणि दुसऱ्यात

सुडो डीमेसेज -डब्ल्यू

हे दोन चालू ठेवून मग वायफायवर क्लिक करा. डीमेसेजमध्ये ओळी एकाखाली एक येतात: आधी ऑथेंटिकेट विथ आणि राउटरचा पत्ता, मग ऑथेंटिकेटेड, मग असोसिएट, मग असोसिएटेड. असोसिएटेडपर्यंत आलं म्हणजे रेडिओ ठीक, ड्रायव्हर ठीक, राउटरने ओळख दिली. त्याच्यानंतर काही सेकंदांनी डीऑथेंटिकेटेड, रीझन १५ आलं तर तो फोर-वे हँडशेकचा टाइमआउट, म्हणजे वर सांगितलं ती जागा. असोसिएटेड आलंच नाही, ऑथेंटिकेशन टाइम्ड आउट येतंय, तर पासवर्डपर्यंत गाडी पोचलेलीच नाही (डब्ल्यूपीए३ सोडून, तिथे पासवर्डची तपासणी ऑथेंटिकेटच्या टप्प्यातच होते, तेवढं वेगळं). आणि डीमेसेजमध्ये एकही ओळ हलली नाही तर मग कार्डच झोपलंय.

कार्ड झोपलंय त्याचं पटकन सांगतो. आरएफकिल लिस्ट करा. सॉफ्ट ब्लॉक्ड येस असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय. हार्ड ब्लॉक्ड येस असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा एफएन वालं बटण शोधा. नंतर एलएसपीसीआय -एनएनके करून बघा कार्डाखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ आहे का. नसेल आणि कार्ड ब्रॉडकॉमचं असेल तर उबुंटू-मिंटमध्ये अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्समधून ते टाका, फोनचं नेट यूएसबी टेदरिंगने लॅपटॉपला देऊन करता येतं, केबल लागत नाही. डेबियनचं म्हणाल तर १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, फर्मवेअर (कार्डाला चालायला लागणारं आतलं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येतं, पण ब्रॉडकॉमचे बरेच जुने कार्ड तरी वेगळा ड्रायव्हर मागतात. यूएसबी डोंगल वापरत असाल आणि डीमेसेजमध्ये मधूनच "यूएसबी डिस्कनेक्ट" दिसत असेल तर ते वायफायचं दुखणं नाही, डोंगलचा संपर्क जातोय. समुद्राकाठी खाऱ्या हवेने त्या पिना खराब होतात, काढून बघा, हिरवट-काळपट दिसल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पोर्ट बदलून बघा.

आता पासवर्ड खरंच चुकतोय का ते. आमच्याकडे ज्याने सगळ्यात जास्त लोक अडकलेले बघितलेत ते म्हणजे कीबोर्ड. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक टाकलेलं असतं, ते चालू राहतं, आणि पासवर्डच्या जागी फक्त काळे ठिपके दिसतात म्हणून कळतच नाही की आपण देवनागरी टाइप करतोय. वर कोपऱ्यात एमआर दिसतंय का बघा, ईएन करा, आणि ठिपक्यांशेजारचा डोळा दाबून पासवर्ड वाचून बघा. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा लागतो आणि साध्या इंग्रजी अक्षर-आकडे-चिन्हांत असला की सगळीकडे चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केला असेल तर शेवटी एक स्पेस येते कधी कधी, ती पण पासवर्डचा भाग धरली जाते. मालवणात एका होमस्टेवाल्या काकूंचा फोन आला होता, "रे झिला, परत पासवर्ड मागता मरे ह्यो", तिथे हेच होतं, डोळा दाबल्यावर दोघांनाही लगेच दिसलं.

दुसरं म्हणजे जुनं साठवलेलं प्रोफाइल. फायबरवाला येऊन राउटर बदलून जातो, नाव आणि पासवर्ड तुम्ही सांगितलं म्हणून तेच ठेवतो, पण आतली सुरक्षा वेगळी असते आणि लॅपटॉप जुन्याच माहितीवर अडून बसतो. एनएमसीएलआय कनेक्शन शो करून नाव बघा, मग एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट आणि पुढे ते नाव, आणि परत पहिल्यापासून जोडा. कनेक्शन पुसून परत जोडणं यात काही धोका नाही, आधी हेच करावं.

आणि जर लॅपटॉप चालू केल्यावर फक्त पहिल्यांदा विचारत असेल, लॉगमध्ये "नो सीक्रेट्स" असं काहीतरी दिसत असेल, तर पासवर्ड कीरिंगमध्ये (लिनक्सची पासवर्डची तिजोरी, ती लॉगिनच्या पासवर्डने उघडते) कुलूपबंद आहे. ऑटोलॉगिन लावलं की कीरिंग उघडत नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये पासवर्डच्या चौकोनातलं छोटं चिन्ह दाबून "सगळ्या युजरसाठी साठवा" करा. शाळेत एकच लॅपटॉप चारजण वापरतात तिथे हे करावंच.

आता येतो खऱ्या डोकेदुखीकडे, डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ चं मिश्रण. डब्ल्यूपीए२ आलं २००४ साली, डब्ल्यूपीए३ ची घोषणा झाली २०१८ ला. नवीन राउटर बऱ्याचदा दोन्ही एकदम चालू ठेवतात, जुन्याला जुनं, नव्याला नवं. कागदावर छान आहे. पण मध्ये पीएमएफ नावाची एक गोष्ट येते, म्हणजे कनेक्शन तोडण्या-जोडण्याचे जे निरोप असतात त्यांनाही संरक्षण देणं, डब्ल्यूपीए३ ला ती सक्तीची आहे. जुन्या कार्डांच्या ड्रायव्हरला ती नीट जमत नाही, ब्रॉडकॉमच्या त्या डब्ल्यूएल ड्रायव्हरला तर डब्ल्यूपीए३ येतच नाही. मग काय होतं, लॅपटॉप राउटरशी बोलायला जातो, राउटर म्हणतो तीन, लॅपटॉप अर्धवट तीन अर्धवट दोन, आणि तो चौकोन परत समोर. फोन नवीन असतो म्हणून त्याला काही वाटत नाही, आणि आपण म्हणतो फोनला लागतं मग याला का नाही!

यावर आधी लॅपटॉपवर हे करून बघा:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय (तुमचं नाव) वायफाय-सेक.की-एमजीएमटी डब्ल्यूपीए-पीएसके वायफाय-सेक.पीएमएफ १

इथे १ म्हणजे पीएमएफ बंद, २ म्हणजे जमलं तर, ३ म्हणजे सक्तीचं. मग एनएमसीएलआय कनेक्शन अप आणि नाव. लागलं तर कारण सापडलं. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर याने लागणार नाही, तिथे राउटरमध्येच जाऊन डब्ल्यूपीए२ एईएस करावं लागेल, किंवा गेस्ट नेटवर्क डब्ल्यूपीए२ वर काढून जुने लॅपटॉप त्यावर ठेवा, हा उपाय मला सगळ्यात पटतो कारण नवीन फोन तीनवरच राहतात.

एक कळकळीचं सांगणं. काहीजण वैतागून राउटरला डब्ल्यूईपी (वायफायची फार जुनी सुरक्षा) करून टाकतात नाहीतर सरळ ओपन ठेवतात. असं करू नका. डब्ल्यूईपी २००१ सालीच फोडलं गेलंय, आज ते काही मिनिटांत उघडतं. होमस्टेमध्ये पाहुणे त्याच वायफायवर असतात, तुमच्या बुकिंगचा लॅपटॉप पण त्यावरच. टीकेआयपी (एईएसच्या आधीची जुनी एन्क्रिप्शन पद्धत) पण नको, ते निवडलं की ८०२.११एन चा वेग मिळत नाही, ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. आणि २०१७ मध्ये क्रॅक नावाचा दोष डब्ल्यूपीए२ च्या याच हँडशेकमध्ये सापडला होता, लिनक्सवर त्याचा पॅच लगेच आला, म्हणून जुन्या सीडीवरून टाकलेली सिस्टिम असेल तर एकदा अपडेट करून घ्या.

आता भिंती. हे आपल्याकडचं खास. चिऱ्याच्या दीड-दीड फुटी भिंती, राउटर ओटीवर कारण फायबरची वायर तिथून येते, आणि लॅपटॉप माजघरात किंवा मागच्या पडवीत. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो, आणि ओली भिंत सिग्नल आणखी खाते. मे महिन्यात चालणारं जुलैमध्ये चालत नाही ते यामुळे पण असू शकतं. आयडब्ल्यू डेव्ह करून कार्डाचं नाव बघा, मग आयडब्ल्यू डेव्ह (ते नाव) लिंक. सिग्नलची ओळ उणे डीबीएममध्ये येते. उणे ५० म्हणजे मस्त, उणे ७० म्हणजे चालेल, उणे ८० च्या पलीकडे गेलं की नाव यादीत दिसतं पण हँडशेकचे निरोप मध्येच हरवतात, आणि मग तोच पासवर्डचा चौकोन. परीक्षा सोपी आहे, लॅपटॉप उचलून राउटरशेजारी न्या. तिथे लागलं आणि आत लागत नाही, तर पासवर्ड, ड्रायव्हर सगळं सोडा, राउटर मधल्या दारात हलवा. राउटर बऱ्याचदा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर बोलतो, त्यातलं ५ भिंतीतून कमी जातं, दोन्ही बँडला एकच नाव असेल तर लॅपटॉप उगाच ५ ला चिकटायला बघतो. वरच्या एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय (नाव) पुढे ८०२-११-वायरलेस.बँड बीजी दिलं की तो २.४ वरच राहील.

लाइट जाण्याचं पण आहे. लाइट आली, राउटर चालू झाला, लॅपटॉप बॅटरीवर आधीपासून चालू होता, त्याने दोनदा प्रयत्न केला, राउटर अजून उठतोय, आणि चौकोन. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ नंबरच्या चॅनलवर राउटरला आधी किमान ६० सेकंद रडार आहे का ते ऐकत बसावं लागतं, तोपर्यंत तो त्या चॅनलवर बोलू शकत नाही. तेव्हा लाइट आल्यावर दोन मिनिटं थांबा, चौकोन रद्द करा, परत जोडा. रोज असं होत असेल तर राउटरमध्ये चॅनल ३६ ते ४८ मधला ठरवून टाका आणि राउटरला छोटा यूपीएस लावा.

नाव यादीतच दिसत नसेल, शेजारच्या फोनवर दिसतंय, तर आयडब्ल्यू रेग गेट करा, कार्ड कुठल्या देशाचे नियम पाळतंय ते दिसतं. बाहेरून आलेल्या रिफर्बिश्ड लॅपटॉपमध्ये कंट्री यूएस निघते, तिथे चॅनल १२-१३ बंद असतात, आणि आपला राउटर ऑटोमध्ये नेमका १३ वर गेलेला असतो. सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन. काही कार्डं ऐकत नाहीत, मग राउटरलाच १, ६ किंवा ११ वर बसवा.

लागतं पण थोड्या वेळाने तुटतं, हा वेगळा प्रकार. घड्याळ लावून बघा. बरोबर तासातासाने तुटत असेल तर राउटरचं ग्रुप कीचं (सगळ्या उपकरणांना मिळून असलेल्या किल्लीचं) नूतनीकरण बघा, ते बऱ्याच राउटरवर ३६०० सेकंदांना असतं, लॉगमध्ये रीझन १६ दिसेल, म्हणजे नवीन किल्ली वाटताना लॅपटॉपने उत्तर दिलं नाही. आणि उत्तर का दिलं नाही, तर बहुतेक वेळा कार्ड वीज वाचवायला झोपलेलं असतं. म्हणून तासातासाने तुटो की अधूनमधून, औषध एकच: एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय (नाव) वायफाय.पॉवरसेव्ह २, इथे २ म्हणजे वीजबचत बंद. रिअलटेकच्या कार्डांवर याने फार फरक पडतो. आरटीएल८७२३बीई असेल आणि राउटरशेजारी बसूनही सिग्नल उणे ८० दाखवत असेल तर त्याचा अँटेना उलटा निवडला गेलाय, मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये "ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२" अशी ओळ टाकून रीस्टार्ट करा, २ ने नाही झालं तर १ करून बघा.

कॉलेजच्या वायफायला, जिथे युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही लागतं, तिथे मामला निराळा. तिथे सर्टिफिकेट तपासलं जातं आणि त्यासाठी लॅपटॉपची तारीख बरोबर लागते. सुट्टीत दोन महिने बंद पडलेला लॅपटॉप, आतली सीआर२०३२ बॅटरी संपलेली, तारीख मागे गेलेली, सर्टिफिकेट नवं, मग लॅपटॉप म्हणतो हे अजून सुरूच झालेलं नाही. आणि तारीख नेटवरून दुरुस्त व्हायला नेट पाहिजे, नेटला तारीख पाहिजे! हाताने तारीख लावा, मग जोडा, आणि सवडीने ती बॅटरी बदला. तारीख ठीक असून उबुंटू २२.०४ नंतरच अडत असेल, लॉगमध्ये "अनसेफ लेगसी रीनेगोशिएशन" दिसत असेल, तर कॉलेजचा सर्व्हर जुना आहे आणि नवीन ओपनएसएसएल ३ त्याच्याशी बोलायला नकार देतंय. ती ओळ कॉपी करून कॉलेजच्या आयटीच्या सरांना दाखवा, दुरुस्ती त्यांच्या बाजूलाच व्हायला हवी.

हँडशेक झाला, लॉगमध्ये "की नेगोशिएशन कम्प्लीटेड" आलं, तरी नेट नाही, तर एन्क्रिप्शनचा विषय संपला, आता आयपी पत्त्याचा प्रश्न आहे. गणपतीत हे हमखास होतं. चाकरमानी येतात, घरात एकदम पंधरा-वीस फोन, शिवाय टीव्ही, आणि राउटरची पत्ते वाटायची यादी लहान ठेवलेली असेल तर ती संपते, मग लॅपटॉप "आयपी मिळवतोय" वरच अडून राहतो. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटायची सेटिंग) शेवटचा पत्ता वाढवा, लीजची वेळ, म्हणजे एक पत्ता एका उपकरणासाठी किती वेळ राखायचा ती, कमी करा.

एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारायचं झालं तर "वायफाय चालत नाही" एवढंच लिहू नका, त्याने कोणालाच काही कळत नाही. कार्डाचं नाव, ड्रायव्हर, कुठलं लिनक्स, राउटरवर डब्ल्यूपीए२ की ३, सिग्नल किती, राउटरशेजारी लागतं का, आणि डीमेसेजमधल्या ऑथेंटिकेटपासून डीऑथेंटिकेटेडपर्यंतच्या ओळी जशाच्या तशा द्या. राउटरचा पत्ता आणि पासवर्ड तेवढा खोडून टाका. रीझनचा नंबर मात्र खोडू नका, उत्तर देणारा आधी तोच बघतो.